सवयी : एकशे एक टक्के

विद्यापीठाच्या आरोग्य समितीची बैठक सकाळी अकराला सुरू झाली आणि सव्वाअकराच्या सुमारास एकमताने ठराव झाला, की विद्यार्थ्यांचे कॉन्टॅक्ट लेन्सविषयीचे ज्ञान, दृष्टिकोन व सवयी यांचा शास्त्रीय अभ्यास करण्यात यावा. ठरावाला तसंच कारण होतं. नेत्रतपासणी कक्षाबाहेरची रांग वाढत वाढत शेजारच्या वाचनालयात शिरली होती. रांगेतले लाल डोळ्यांचे विद्यार्थी वाचत बसलेल्यांना "जरा माझा नंबर वाचून सांग ना" म्हणून हलवत होते. वाचनालयाने लेखी तक्रार केली. रांग कमी करायची तर डॉक्टर वाढवावे लागले असते. अभ्यास करायला एक विद्यार्थिनी पुरत होती.

ती विद्यार्थिनी म्हणजे ढापणी. दृष्टिविज्ञान विभागात पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला होती. चष्म्याच्या काचा इतक्या जाड, की पहिल्याच आठवड्यात वर्गाने हे नाव ठेवलं आणि पुढे हजेरी घेताना प्राध्यापकांच्याही तोंडून एकदोनदा तेच निसटलं. ती स्वतः लेन्स लावत नसे. लेन्सविषयी छापून आलेलं सगळं तिने वाचलं होतं, त्यामुळे धीर होत नव्हता.

तिचे मार्गदर्शक सर विभागप्रमुखही होते. बोलताना ते डोळे मिटून घेत, आणि त्या विभागाचे प्रमुख म्हणून ते त्यांना शोभूनही दिसे.

"हे बघ," सर डोळे मिटून म्हणाले, "निष्कर्ष आधी लिहून काढ. म्हणजे आकड्यांना कुठे जायचंय ते कळतं. नाहीतर भरकटतात बिचारे."

"पण सर, आकडे यायचेत अजून."

"म्हणूनच आत्ता लिही. आले की मग सुचत नाही."

फॉर्म तयार झाला. चाळीस प्रश्न, तीन भाग. पहिला भाग ज्ञानाचा : लेन्स लावण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत का, लेन्स लावून झोपावे का, नळाच्या पाण्याने लेन्स विसळावी का. दुसरा भाग दृष्टिकोनाचा : आपल्या डोळ्यांच्या आरोग्याविषयी आपल्याला किती आस्था वाटते? त्याला तीन पर्याय होते : खूप, अतिशय आणि पराकोटीची. तिसरा भाग सवयींचा. सवयींचे प्रश्न सरांनी स्वतः तपासले आणि ते कोणाला अडचणीत आणणार नाहीत याची काळजी घेतली.

ढापणी फॉर्मांचा गठ्ठा घेऊन कॅन्टीनमध्ये गेली. पहिल्याच टेबलावर एकाने विचारलं, "यात बरोबर उत्तर कुठलं?"

"बरोबर-चूक असं काही नाही यात. जे खरं असेल ते लिहायचं."

"मग मार्क कसे देणार?"

सरांनी प्रश्नाला एक मार्क ठेवला होता खरा. तो मुलगा फॉर्मकडे बघत राहिला. असला पेपर त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. शेवटी म्हणाला, "घरी नेऊ का? अभ्यास करून आणतो."

तिसऱ्या दिवशी फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात 'लेन्स सर्वेक्षण : हमखास उत्तरे' नावाचं एक पान लटकू लागलं. पाचव्या दिवशी त्याची सुधारित आवृत्ती आली. चारशे फॉर्म भरून परत आले तेव्हा ज्ञान काठोकाठ होतं. एकाचंही 'लेन्स लावून झोपावे का' ला 'होय' नव्हतं. मात्र 'आपले वय किती?' या प्रश्नाला सतरा जणांनी 'कदापि नाही' असं ठाम उत्तर दिलं होतं, कारण झेरॉक्सच्या पानावर एक ओळ वरखाली झाली होती.

ढापणीची खोली वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावर होती आणि त्या खोलीत तिच्याबरोबर घारी राहत होती. घारीचे डोळे मुळात काळेभोर. पण पहिल्या वर्षी ती कॉलेजात आली तीच मधाच्या रंगाच्या लेन्स लावून, आणि घारी झाली. आता तिच्याकडे चार रंग होते. सोमवारी समुद्राचा हिरवा, मंगळवारी राखाडी, पुढे मन होईल तसं. स्वभावाने मुलगी लाख होती. ढापणी आजारी पडली तेव्हा रात्रंदिवस तिच्या उशाशी बसली होती. फक्त तेव्हाही लेन्स काढल्या नव्हत्या.

लेन्स ठेवायला घारीकडे पाण्याच्या बाटलीची दोन झाकणं होती, निळं डाव्या डोळ्याचं आणि पांढरं उजव्याचं. महिन्याने फेकायची लेन्स ती चार महिने वापरी. हिशेब विचारला तर म्हणे, "मध्ये परीक्षा होती, मग सुट्टी होती, मग सर्दी झाली होती. लावल्याचे दिवस मोज ना तू, तीससुद्धा भरायचे नाहीत." दुपारच्या जेवणानंतर ती तासभर आडवी होई. तेवढ्यात आईचा फोन येई. "अगं बाई, त्या काचा काढून ठेवल्यास ना डोळ्यांतल्या?" "हो आई, केव्हाच काढल्या," असं म्हणत घारी समुद्राच्या रंगाचे डोळे मिटून घेई.

फॉर्म भरायला तिला ढापणीनेच बसवलं. घारी पलंगावर मांडी घालून भराभर खुणा करत होती. मध्येच विचारती झाली, "हा बाविशावा प्रन्न कहा आए?"

"नीट बोल."

घारीने गालातलं जिभेवर घेतलं. जिभेवर लेन्स होती. "कोरडी पडली होती गं. ओली करत होते."

ढापणीचे डोळे पांढरे झाले. "तू आत्ता ज्या प्रश्नावर खूण केलीस तो वाच. 'लेन्स तोंडात घालून ओली करावी का?' तू 'कदापि नाही' लिहिलंयस! आणि लेन्स तोंडात आहे!"

"मग बरोबरच आहे की. 'करावी का' असं विचारलंय. 'करतेस का' असं कुठे विचारलंय?"

"पुढे विचारलंय! तिसऱ्या भागात. 'आपण हात धुता का?' तिथे तू 'नेहमी' लिहिलंस."

"नेहमी म्हणजे रोज नव्हे," घारीने समजावलं आणि ओली लेन्स डोळ्यात बसवून दोनदा पापण्या मिटल्या. "आता छान दिसतंय. हं, आस्था किती लिहू? पराकोटीची?"

चाळीसपैकी चाळीस. सबंध विद्यापीठात एकटीला.

दुसऱ्या दिवशी ढापणी सरांकडे गेली. म्हणाली, "सर, लोक लिहितात एक आणि करतात दुसरंच. आपण वीस जणांना प्रत्यक्ष लेन्स लावताना बघू या का?"

सरांनी डोळे आणखी घट्ट मिटले. "बघायचं? लोकांच्या डोळ्यांत डोकावायचं? त्याला नीतिसमितीची परवानगी लागते. विचारायला लागत नाही. तू विचारलंस ना? त्यांनी सांगितलं ना? मग आपलं शास्त्र तिथे संपलं."

अहवाल गेला. ज्ञान अठ्ठ्याण्णव टक्के. दृष्टिकोन नव्व्याण्णव टक्के. सवयी एकशे एक टक्के. काहींनी उत्साहाच्या भरात 'नेहमी' वर दोनदोन खुणा केल्या होत्या आणि सरांच्या मते उत्साहाची नोंद न घेणं अशास्त्रीय ठरलं असतं. ढापणीने हा आकडा खोडायला पेन उचललंही होतं. पण अहवालाच्या पहिल्या पानावर तिचं पूर्ण नाव ठळक अक्षरांत छापलेलं होतं, आणि ते छापील नाव तिने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं. पेन तिने खाली ठेवलं.

अहवाल वाचून कुलगुरूंना भरून आलं. आणि मग जे काही झालं ते अगदी रीतसर, एकापुढे एक होत गेलं.

अठ्ठ्याण्णव टक्क्यांना सगळं माहीत आहे म्हटल्यावर भिंतींवरची माहितीपत्रकं अनावश्यक ठरली, ती उतरवली. मग भांडारपालांनी निदर्शनास आणलं, की एकशे एक टक्के विद्यार्थी साबणाने हात धुतात, तरीही स्वच्छतागृहातली साबणाची वडी सहा महिने जशीच्या तशी राहते. म्हणजे हात मुळातच स्वच्छ असले पाहिजेत. साबण बंद झाला. आणि इतकं सगळं असताना नेत्रतपासणी कक्षाबाहेर रांग का, यावर समितीने विचार करून निर्वाळा दिला, की 'रांगेतील विद्यार्थी हे सर्वेक्षणाच्या निष्कर्षांशी विसंगत आहेत.' कक्ष बंद करून तिथे 'दृष्टी-उत्कृष्टता दालन' उघडण्यात आलं. रांग मात्र सवयीने तिथेच उभी राही. दालनाच्या नोंदवहीत तिची भेट देणारे म्हणून मोजदाद होऊ लागली, आणि पहिल्याच महिन्यात दालनाने गर्दीचा उच्चांक गाठला.

मग दालनाच्या रीतसर उद्घाटनाचा मोठा समारंभ ठरला. त्यात आदर्श लेन्सधारक म्हणून घारीचा सत्कार व्हायचा होता आणि तिने मंचावर लेन्स लावण्याचं प्रात्यक्षिक करायचं होतं. तिच्या डाव्या डोळ्याचा फोटो दोन मजली फलकावर चढला. समुद्राचा हिरवा. येता-जाता मुलं फलकाखाली उभी राहून स्वतःचा डोळा तसा करून बघत.

समारंभाला दोन दिवस राहिले असताना घारी सकाळी उठली आणि तिने खिडकीचा पडदा ओढून घेतला.

"ऊन टोचतंय गं."

ढापणी जवळ गेली. डावा डोळा लालभडक झाला होता, पाणी गळत होतं, पापणी सुजली होती.

"लेन्स काढ. आत्ता."

"काढली तर फलकासारखी दिसणार नाही मी. लोक ओळखतात आता."

"घारे, हे साधं नाहीये. पुस्तकात असाच फोटो आहे. पान दोनशे बारा."

"खाली काय लिहिलंय?"

ढापणीने ते सांगितलं नाही. घारीचा हात धरला आणि तिला जिन्यावरून खाली नेलं. वाटेत घारी एका बाजूचा डोळा झाकून चालत होती आणि तरीही ओळखीच्यांना हात करत होती.

दालनात डॉक्टर फुलदाण्यांच्या मधोमध बसले होते. तीस वर्षं डोळे तपासलेला माणूस. आता दारावर 'समन्वयक' अशी पाटी लागली होती. तपासणीच्या यंत्रावर कुलगुरूंची तसबीर टेकवून ठेवली होती. घारीला दारात बघताच ते खुर्चीतून अर्धे उठले आणि परत बसले.

"किती गुण आहेत हिला?"

"चाळीस," ढापणी म्हणाली.

"अरे देवा." डॉक्टरांनी खणातून एक परिपत्रक काढून पुढे सरकवलं. "वाच. 'सर्वेक्षणात तीसपेक्षा अधिक गुण मिळवणाऱ्यास लेन्समुळे संसर्ग होणे अपेक्षित नाही. सबब त्याची तपासणी करून निष्कर्षांना बाधा आणू नये.' गेल्या आठवड्यात दोघांना तपासलं तर मला दोन मेमो मिळाले. तिसऱ्याला निलंबन."

"पण डॉक्टर, डोळा तर बघा!"

"दिसतोय की मला इथूनसुद्धा!" डॉक्टर कळवळून म्हणाले. "पोरी, ती लेन्स काढ आणि पुन्हा लावू नकोस. हे मी समन्वयक म्हणून बोलत नाहीये, कोणाचा तरी काका म्हणून बोलतोय. औषध द्यायचं तर तपासावं लागेल. आणि तपासायचं तर हिचे गुण कमी करून आणा. तीस आणलेस तरी चालेल. मी इथेच बसलोय."

"मग गावातल्या डॉक्टरकडे जाऊ," ढापणी घारीला म्हणाली.

"परवा कार्यक्रम झाला की जाऊ ना. आई-बाबा यायचेत बघायला. आत्ता कुणी डोळ्यावर पट्टीबिट्टी बांधली म्हणजे?" घारी म्हणाली, आणि दालनाबाहेरच्या फुलदाणीच्या काचेत आपला डोळा बघून आली. "तसा वाईट नाही दिसत."

ढापणी धावत सरांकडे गेली. धापा टाकत म्हणाली, "सर, एका फॉर्मचं पुनर्मूल्यांकन करायचंय. गुण कमी करायचेत."

"गुण वाढवून मागायचा अर्ज असतो," सर म्हणाले. "कमी करायचा नमुना विद्यापीठात नाही. आजवर कोणी मागितलाच नाही."

"मग मी लिहून देते. तिने खोटं लिहिलं हे मला माहीत आहे. माझ्यासमोर लिहिलं."

सरांनी डोळे उघडले. ढापणीने ते पहिल्यांदाच पाहिले. एरवी साधेच होते, फक्त किंचित लाल.

"तिचे गुण उतरले, तर सरासरी उतरते. सरासरी उतरली, तर अठ्ठ्याण्णव राहत नाही. कुलगुरूंनी भाषणात अठ्ठ्याण्णव पाठ केलंय. आणि तुझा प्रबंध त्याच अठ्ठ्याण्णववर उभा आहे. तो कोसळला तर तू पुन्हा पहिल्या वर्षाला. समजलं? जा. पाणी पी."

ढापणी गेली आणि पाणी प्यायली. पुढचे दोन दिवस ती घारीला लेन्स काढायला विनवत राहिली, घारी "हो हो" म्हणत राहिली आणि डोळ्यावर गार रुमाल ठेवत राहिली. ढापणीच्या मनात एकच गोष्ट घोळत होती : चाळीसपैकी चाळीस हे आपणच बेरीज करून लिहिलं, लाल पेनाने, आणि खाली दोन रेघा मारल्या.

समारंभाची दुपार आली. सभागृहात नऊशे माणसं बसली होती. पहिल्या रांगेत कुलगुरू, प्रमुख पाहुणे आणि मार्गदर्शक सर. तिसऱ्या रांगेत डॉक्टर, आणि त्यांच्या मागे घारीचे आई-बाबा नव्या कपड्यांत. मंचामागे भिंतभर पडदा होता आणि घारीच्या चेहऱ्यावर रोखलेला कॅमेरा तिचा डोळा त्या पडद्यावर दाखवणार होता. मंचावर एक वॉशबेसिन आणून ठेवलं होतं. त्याचा नळ कशालाही जोडलेला नव्हता. साबण विद्यापीठात शिल्लक नसल्यामुळे साबणाचं रंगीत चित्र ठेवलं होतं. घारीने चित्राकडे बघत कोरडे हात एकमेकांवर चोळले. टाळ्या झाल्या.

मग तिने डोळा उघडला आणि तो पडद्यावर आला.

ढापणी विंगेत उभी होती. तिला तो भिंतीएवढा डोळा दिसला. लाल रेषांचं जाळं, आणि बुबुळावर एक पांढरा ठिपका. खरा मोहरीएवढा असेल, पडद्यावर ताटाएवढा होता. पान दोनशे बारा.

"अय्या, काय शेड आहे!" समोरच्या रांगेत एकीने मैत्रिणीला कोपराने ढोसलं. "लाल-पांढरी! नवीन आलीये वाटतं."

"यांच्या डोळ्यांत कृतज्ञतेचे अश्रू आहेत," प्रमुख पाहुणे शेजारी पुटपुटले, आणि हातातला माइक चालू असल्याने ते सगळ्यांनी ऐकलं. पुन्हा टाळ्या.

घारीने मखमली डबीतून लेन्स उचलली. दिव्यांच्या उष्णतेने ती सुकली होती. घारीने दोन बोटांत धरून तिच्याकडे पाहिलं, आणि नऊशे माणसांदेखत, भिंतीएवढ्या पडद्यावर, ती लेन्स तोंडात घातली. एवढं सवयीचं झालं होतं, की तिला स्वतःलासुद्धा कळलं नाही.

ढापणी विंगेच्या कडेला आली. आता सभागृह किंचाळणार. आता कुणीतरी उठणार. ती वाट बघत राहिली. सभागृह शांत होतं, कौतुकाने बघत होतं. एकालाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

प्रबंधाचं काय व्हायचं ते होवो, असं काही ढापणीच्या मनात आलं नाही. तेवढा वेळच नव्हता. लेन्स डोळ्याकडे निघाली होती. ती धावत मंचावर गेली आणि तिने घारीचं मनगट घट्ट पकडलं.

"थांब! घारे, डोळा जाईल तुझा!"

सभागृहात कुजबुज सुरू झाली. कुणीतरी हा प्रात्यक्षिकाचाच भाग समजून शिट्टी मारली. ढापणीने माइक ओढला.

"हिच्या डोळ्यात जखम आहे! हा रंग नाहीये! आणि हिने आत्ता लेन्स तोंडात घातली, तुम्ही पाहिलंत ना सगळ्यांनी?"

मग मागून एक आवाज आला, अगदी निरागस : "मग? ओली नको करायला?"

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. ढापणीच्या चष्म्यावर वाफ धरली होती. त्यामुळे तिला कुलगुरू दिसत नव्हते, सर दिसत नव्हते, आणि त्यामुळेच बहुधा तिला जमलं.

"खरं सांगा. कोण कोण तोंडात घालतं?"

आधी एक हात वर झाला. मग चार. मग सबंध सभागृहात हातच हात.

"आणि लावून कोण झोपतं?"

पहिला हात आधीच वर होता, म्हणून लोकांनी दुसरा वर केला.

"नळाच्या पाण्याने कोण विसळतं?"

आता हात उरले नव्हते. लोक उभे राहिले. नऊशे माणसं दोन्ही हात वर करून उभी आहेत हे पाहून कुलगुरूंना वाटलं, सभागृह उठून मानवंदना देतंय. तेही उभे राहिले आणि जोरजोरात टाळ्या वाजवू लागले. मार्गदर्शक सरांचा एक हात खांद्यापर्यंत गेला, तिथे थबकला आणि मग त्यांनी त्या हाताने डोकं खाजवलं.

तिसऱ्या रांगेतून डॉक्टर खुर्च्या ढकलत बाहेर आले. "गुण गेले ना हिचे? सगळ्यांसमोर गेले ना? शून्य झाले! आता कागद मागाहून आणा!" असं ओरडत ते मंचावर चढले, घारीला दंडाला धरून चालवत दालनात घेऊन गेले आणि यंत्रावरची तसबीर उचलून त्यांनी फुलदाणीत उभी केली. मागोमाग ढापणी, आणि तिच्यामागे घारीचे आई-बाबा.

"हनुवटी इथे ठेव. वर बघ. हं... लेन्स लावून झोपायचीस का?"

"नाही," घारी म्हणाली.

"घारे!" ढापणी म्हणाली.

"फक्त दुपारची."

"मला फोनवर तर म्हणायचीस, 'काढल्या'!" तिची आई म्हणाली.

"अगं आई, तू 'काढल्यास ना' असं विचारायचीस. मग काय म्हणणार? तुला बरं वाटावं म्हणून..." आणि इतका वेळ नुसतं पाणी गळणाऱ्या घारीच्या डोळ्यांतून एकदम खरं रडू फुटलं. आईने तिचं डोकं पोटाशी धरलं. डॉक्टर ओरडले, "अहो बाई, हनुवटी हलवू नका!"

जखम बुबुळाच्या मधोमध नव्हती, कडेला होती. दर तासाला औषधाचे थेंब घालायचे होते. ते ढापणीने घातले, घड्याळ लावून, महिनाभर, आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धुवून. साबण घारीच्या आईने घरून पाठवला होता. डोळा वाचला. कडेला एक बारीक पांढरा डाग राहिला, एवढंच. डॉक्टर म्हणाले, दोन मिलिमीटरने वाचलीस. आणखी एक दिवस गेला असता तर हे बोलायला लागलं नसतं. तुलाच दिसलं नसतं.

समितीची तातडीची बैठक झाली. सभागृहातल्या हातांची नोंद अहवालात घ्यावी, असा अर्ज ढापणीने दिला होता. समितीने तो फेटाळला. हात वर करणे ही माहिती गोळा करण्याची मान्यताप्राप्त पद्धत नाही. शिवाय वर केलेले हात धुतलेले होते किंवा कसे, याची कोणतीही नोंद ठेवण्यात आलेली नाही. डॉक्टरांना तिसरा मेमो मिळाला. मात्र निलंबनाचा कागद निघण्याआधी समितीच्या अध्यक्षांचाच डोळा लाल झाला आणि यंत्रावरची तसबीर कायमची फुलदाणीत राहिली. रांग परत वाचनालयात शिरली.

सरांनी ढापणीला बोलावलं. तिने मनाची तयारी केली होती. पहिलं वर्ष तर पहिलं वर्ष. सरांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "चूक कुठे झाली माहितीये? आपण प्रश्न फार विचारले. एकच विचारायचा. आधी झालेलं सगळं लोकांना वाचायला द्यायचं, म्हणजे मन तयार होतं, आणि मग खाली एकच प्रश्न." असं म्हणून त्यांनी खिशातून डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली काढली. तिची मुदत ढापणीला टेबलापलीकडूनही वाचता आली. दीड वर्षापूर्वी संपली होती.

मग ढापणीने जे घडलं ते सगळं लिहून काढलं. झाकणं, जिभेवरची लेन्स, चाळीसपैकी चाळीस, सभागृह, काही वगळलं नाही. स्वतः पेन खाली ठेवलं तेसुद्धा लिहिलं. खाली एकच प्रश्न छापला : 'हे वाचताना आपल्या डोळ्यांसमोर कोण आलं?' या खेपेला फॉर्म फक्त विद्यार्थ्यांना दिले नाहीत. त्यांच्या घरी गेले, कार्यालयांत गेले, शेजाऱ्यापाजाऱ्यांना गेले. लेन्स असो, चष्मा असो, नाहीतर दोन्ही नसो.

एकूण एक फॉर्म परत आला. कुणीही उत्तराची जागा रिकामी सोडली नव्हती आणि झेरॉक्सवाल्याकडे जायची कुणाला गरजही पडली नव्हती. 'माझी रूममेट.' 'आमचे धाकटे दीर, ते तर सगळ्याच बाबतीत असे.' 'आमचे साहेब.' 'माझा नवरा, त्याला जरूर वाचायला द्या.' घारीने लिहिलं होतं, 'माझी आई, ती गोळ्यांची पाकिटं मुदत बघून कधी घेत नाही.' आईने लिहिलं होतं, 'आमची मुलगी, अजून काय सांगणार.' सरांनी डोळे मिटून एका विद्यार्थिनीचं नाव लिहिलं होतं. ढापणीने सगळे फॉर्म तीनदा तपासले. 'मी' असं उत्तर एकाही फॉर्मवर सापडलं नाही.

आता हे तुमच्या हातात आलंय आणि तुमच्याही डोळ्यांसमोर कुणीतरी आलंच असेल. आढेवेढे न घेता ते नाव लिहून पाठवा. गुप्तता पाळली जाईल. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या माणसाचा फॉर्म आमच्याकडे केव्हाच येऊन पोहोचलाय. त्यावर तुमचं नाव आहे.